लक्षणगीत : संशोधकाची चीज

विष्णु नारायण भातखंडे यांचें नांव निघालें कीं दहा थाट आणि स्वरलिपि आठवतात. ते स्वतः चिजा बांधीत, ही गोष्ट मात्र मागें पडते. वस्तुतः त्यांचें संशोधन आणि अध्यापन यांचा सांधा याच रचनेंत आहे.

१८६० सालीं मुंबईस जन्मलेल्या या वकिलानें उस्तादांच्या मागें लागून शेंकडों चिजा लिहून घेतल्या. १९०४ सालच्या दक्षिणयात्रेनें त्यांस व्यंकटमखीच्या ७२ मेळांची व्यवस्था दाखविली. उत्तरेंत एकच राग दोन घराणीं दोन तऱ्हांनीं गात, आणि संस्कृत ग्रंथांतील रागरूपें तर केव्हांच पालटलीं होतीं. तेव्हां गायकांच्या कंठांतील चीज हाच पुरावा मानून त्यांनीं नियम काढले.

पण नियम ग्रंथांतच राहिला तर गाणाऱ्याच्या काय उपयोगाचा? म्हणून त्यांनीं ‘चतुर’ आणि ‘हररंग’ या नांवांनीं लक्षणगीतें रचिलीं. श्रोत्यांनीं यमनाचेंच उदाहरण घ्यावें. कल्याण थाट, तीव्र मध्यम, गंधार वादी, निषाद संवादी हें शब्दांनीं सांगावयाचें आणि तेंच स्वरांनीं करून दाखवावयाचें. विद्यार्थ्यास तें सहज पाठ होतें. आणि नियम चुकला असेल तर जाणत्या गायकाच्या कानास तो तत्काळ खटकतो. आपला सिद्धान्त असा चव्हाट्यावर मांडणें हें धैर्याचेंच काम.

यांत रस किती, हा प्रश्न उरतोच. विरहिणीच्या जागीं वादी-संवादी आले म्हणजे गीत कोरडें व्हावयाचेंच, आणि भातखंड्यांचीं बरींच लक्षणगीतें कोरडीं आहेत. परंतु त्यांची जागा मैफल नव्हे, वर्ग. १९१८ सालीं ग्वाल्हेरीस आणि १९२६ सालीं लखनौस निघालेल्या विद्यालयांत तीं शिकविलीं गेलीं. पेण-रोह्यासारख्या गांवीं, उस्ताद जवळ नसतां, क्रमिक पुस्तक पेटीपुढें उघडून बसलेल्या मुलीस रागाची वाट असेंच गीत दाखवितें. मींड मात्र कागदावरून येत नाहीं. तिला गुरुमुखच हवें.

तो कोरडेपणा शिष्यानें घालविला. १९२८ सालीं लखनौच्या मॅरिस कॉलेजचे प्राचार्य झालेले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांस फैयाजखांसाहेबांचीहि तालीम मिळाली होती. ‘सुजन’ या नांवानें त्यांनीं ख्याल बांधिले, लक्षणगीतेंहि बांधिलीं, आणि सालगवराळीसारखे राग योजिले. त्यांचे शिष्य दिनकर कायकिणी यांनीं पुढें मुंबईस भारतीय विद्या भवनांत शिकवितां शिकवितां ‘दिनरंग’ या नांवानें आपल्या चिजा रचिल्या.