तुळजापूर आणि तुळजापुरात

तुळजापूर हे नाव धाराशिव जिल्ह्यातील प्रत्येक मुलाच्या परिचयाचे. बसगाडीच्या पाटीवर ते त्याने शेकडो वेळा पाहिलेले असते. तरीही 'तुळजापुरात' लिहावयाची वेळ आली की लेखणी अडते. 'पू' की 'पु'? मराठी बोलण्यात हा भेद कानास फारसा जाणवत नाही. म्हणूनच 'नीट ऐकून लिही' हा शिक्षकांचा नेहमीचा उपदेश येथे व्यर्थ ठरतो.

जे कानास कळत नाही ते डोळ्यास व हातास शिकवावे लागते. आठवड्यातून एकदा घेतलेल्या लांबलचक श्रुतलेखनाने ते साधत नाही. वीस चुकांवर तांबडी शाई फिरली म्हणजे मूल एवढेच शिकते, की अवघड शब्द टाळावेत. मग त्याच्या निबंधातून विहीर नाहीशी होते. जमीन जाते व तिच्या जागी शेत येते. ही हानी गुणपत्रिकेत कोठेच दिसत नाही, आणि खरी हानी तर हीच होय.

प्रार्थनेनंतर फळ्यावर वार, दिनांक व पटसंख्या रोज लिहिली जातेच. तेथेच एक वाक्य वाढवावे, आणि ते मुलाने लिहावे: 'विहीर आटली, विहिरीत पाणी नाही.' चूक झाल्यास शिक्षकाने ती खोडू नये. मूळ शब्द कोणता व त्यास काय जोडले, एवढेच विचारावे. तूर–तुरीचे, चूल–चुलीवर, दूध–दुधात अशा जोड्या रोज डोळ्यांसमोर आल्या म्हणजे सामान्यरूप होताना उपांत्य दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, हे मुलांस स्वतःच उमगू लागते. 'तुळजापूरला' म्हणताना सामान्यरूप होत नाही, म्हणून तेथे 'पू' दीर्घच राहतो. 'शरीर' हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द. त्याचे 'शरीरास' असेच होते.

दुपारी पोषण आहाराची नोंद करताना एखादा हुशार मुलगा 'तांदुळाचा भात' असे लिहील. त्यास रागावू नये. नियम समजल्याशिवाय अशी चूक होतच नाही! फक्त मोठ्याने वाचावयास सांगावे. 'तांदळाचा' हे रूप त्याच्या कानावर पूर्वीच आहे. येथे मात्र कान उपयोगी पडतो.

घरातील वडील मंडळींनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९४८ पूर्वी, निजामाच्या राज्यात, या भागातील माध्यमिक शिक्षण मुख्यतः उर्दूतून होत असे. पुढे १९६२ साली लेखनाचे नवे नियम आले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली, आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. पणजोबांच्या पत्रात 'केलें' असे आढळले तर ते अशुद्ध, असे मुलास सांगू नये. त्यांच्या काळी तेच शुद्ध होते.

वाण्याची यादी मात्र मुलाकडूनच लिहवून घ्यावी. 'गूळ दोन किलो', आणि खाली त्याच्याच अक्षरात सूचना: 'मागील गुळाचा रंग काळा होता, तो नको.'