तीन बोटांचं माप

व्यासपीठावरील मान्यवर, परिषदेचे अध्यक्ष, दूरदूरहून आलेले शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट आणि समोर बसलेल्या माझ्या आशाताई, अंगणवाडीताई,

स्वागत समितीच्या वतीनं भंडाऱ्यात आपलं मनापासून स्वागत.

वैनगंगेकाठचं आमचं गाव पितळी भांड्यांचं आणि जिल्हा धानाचा. पाहुणा आला की आधी ताट वाढायचं, ही इथली रीत. पण याच धानाच्या मुलखात एखाद्या लेकराला भाताचा घास तोंडात घेता येत नाही. दातांच्या फटीतून पेज ओढायची, हेच त्याचं जेवण. लोक म्हणतात दातखीळ बसली. आपण म्हणता, जबड्याचा सांधा हाडानं जखडला.

मी इथला साधा दंतवैद्य. तोंड उघडत नाही म्हटलं की आमचा पहिला संशय तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावर, आणि मोठ्या माणसांत तो बहुधा खरा ठरतो. खर्ऱ्यानं गालाचं आतलं अस्तर ताठरतं. एकदा मात्र सात वर्षांचा मुलगा आला. दाढ किडलेली, पण तोंडात आरसाच जाईना. ‘कधी पडला होता का?’ हे मी फार उशिरा विचारलं. दोन वर्षांपूर्वी तो बैलगाडीवरून हनुवटीवर आपटला होता. जखमेला टाके पडले, कानापुढचा सांधा कुणी पाहिलाच नाही. त्या सांध्याशीच जबड्याची वाढ बांधलेली; तो जखडला की हनुवटी मागे राहते, जीभ मागे सरकते, झोपेत श्वास अडतो. कधी कान फुटून वाहण्याचं दुखणंही सांध्यापर्यंत पोचतं.

आपल्या कामाची अवघड बाजू मला ठाऊक आहे. तोंड बंद, तर भुलीची नळी घालायची कुठून? 1967 साली इंग्लंडात पीटर मर्फी यांनी पित्तनलिका पाहायची लवचिक दुर्बीण वापरून नाकातून वाट काढली. त्यापुढे चेहऱ्याची नस सांभाळत हाडाचा गोळा काढायचा, मोकळ्या जागेत कानशिलाच्या स्नायूचा पदर घालायचा, वाढत्या मुलाला लागलं तर बरगडीचा कूर्चेसकट तुकडा बसवायचा. काबान आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये मांडलेल्या क्रमात शेवटची पायरी आहे व्यायामाची. टेबलावर 35 मिलिमीटर उघडलेलं तोंड व्यायाम सुटला तर पुन्हा मिटतं.

तो व्यायाम नागपूरच्या वॉर्डात संपत नाही. लाखांदूरच्या, तुमसरच्या घरात महिनोन्महिने चालतो. पोर रडतं, आईचा जीव तुटतो, ती म्हणते, ‘आज राहू दे.’ तिथंच आपली शस्त्रक्रिया हरते. म्हणून या परिषदेत आशाताईंना पहिल्या रांगेत बसवलं आहे.

अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. पथकं गावात येतातच. माझं मागणं छोटं आहे. हनुवटीवर पडलेल्या प्रत्येक मुलाला काही आठवडे सांगत राहायचं, ‘बाळा, तुझी तीन बोटं उभी धरून तोंडात घाल बरं.’ मावली नाहीत, तर त्याच आठवड्यात पुढं पाठवायचं. एवढ्या सूचनांचं एक पान, झाडीपट्टीतल्या आईला कळेल अशा बोलीत, संध्याकाळपर्यंत आपण सर्वांनी मिळून लिहून द्यावं.

व्यवस्थेत उणं राहिलं असेल तर गोड मानून घ्या. जेवणात आज भात आहे. घास घेताना त्या पेजेची आठवण असू द्या.