व्यक्ती तितक्या प्रकृती

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी सहज येते. बहुधा ती स्वभावाला उद्देशून वापरली जाते. परंतु वैद्यकाच्या दृष्टीने ती अक्षरशः खरी आहे. औषध एक, मात्रा एक. तरीही एका रोग्याला त्याने गुण येतो, दुसऱ्यावर काहीच परिणाम होत नाही आणि तिसऱ्याच्या जिवावर बेतते. हा भेद कशामुळे पडतो हे आधी पाहावे आणि मग उपचार ठरवावा, या पद्धतीला आज ‘प्रिसिजन मेडिसिन’ असे नाव मिळाले आहे. मराठीत त्याला ‘नेमके वैद्यक’ म्हणता येईल.

नाव नवे असले, तरी विचार जुना आहे. १९०१ साली व्हिएन्ना येथे कार्ल लँडस्टायनर यांनी मानवी रक्ताचे गट दाखवून दिले. त्यापूर्वी एकाचे रक्त दुसऱ्यास देणे हा निव्वळ जुगार होता. पुढे १९५२ साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी एक विलक्षण रक्तगट उजेडात आणला. नेहमीच्या तपासणीत तो ‘ओ’ गटासारखाच दिसतो. पण अशा माणसास ‘ओ’ गटाचे रक्त दिले, तर ते प्राणघातक ठरू शकते. जगभर तो ‘बाँबे रक्तगट’ म्हणूनच ओळखला जातो. भारतात तो सुमारे दहा हजारांत एकाला असतो. युरोपात त्याहूनही फार विरळा. म्हणजे परदेशातील तक्ते कितीही बिनचूक असले, तरी आपल्या लोकांचे रक्त आपणच तपासावे लागते, हा धडा त्या शोधात होता.

दुसरे उदाहरण हिवतापाचे. ‘व्हायव्हॅक्स’ जातीचा हिवताप एकदा उतरला, तरी त्याचे जंतू यकृतात दडून राहतात आणि पुन्हा उचल खातात. त्यांचा नायनाट करण्यासाठी प्रायमाक्वीन हे औषध देतात. परंतु काही रोग्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू लागतात. त्यांच्या पेशींत ‘जी-६-पी-डी’ नावाच्या एका विकराची जन्मजात कमतरता असते, हे १९५६ साली अमेरिकेत सिद्ध झाले. यातील दैवदुर्विलास असा की, ही कमतरता हिवतापापासून काहीसे संरक्षण देते. म्हणून हिवताप जेथे पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम ठोकून होता, त्याच मुलखात ती अधिक आढळते. ज्या लोकांना या औषधाची गरज सर्वांत जास्त, त्यांच्यातच ते न सोसणारेही जास्त! तपासणी फार अवघड नाही. तरीही ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात होतेच असे नाही. मग लघवी काळपट दिसताच गोळी थांबवावी, एवढ्या सूचनेवर रोग्याला विसंबावे लागते.

तिसरे उदाहरण दक्षिणेकडील. शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल पडावेत म्हणून सक्सिनिलकोलीन हे औषध टोचतात. त्याचा अंमल काही मिनिटांत ओसरतो. परंतु ते औषध पचविणारा विकर ज्यांच्या रक्तात जवळजवळ नसतोच, त्यांचे श्वासाचे स्नायू तासन्‌तास लुळे राहू शकतात. तेलुगू भाषक वैश्य समाजात हा दोष इतरांच्या मानाने सुमारे शंभरपट आढळतो. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील कुमारसामी थंगराज आणि त्यांचे देशी-परदेशी सहकारी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात त्याचे कारण उलगडले आहे. थोड्या पूर्वजांपासून समाज वाढला आणि विवाहसंबंध आतल्या आत होत राहिले, की एखाद्या पूर्वजाचा दोष अनेक वंशजांत उतरतो. असे समाज भारतात कितीतरी आहेत. भूल देणाऱ्या डॉक्टरांस आधी कल्पना असेल, तर ते दुसरे औषध निवडतात आणि धोका टळतो.

मानवी जनुकसंचाचे वाचन २००३ साली पुरे झाल्याचे जाहीर झाले. पण त्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारताचा सहभाग नव्हता. २०१५ साली अमेरिकेने नेमक्या वैद्यकाची राष्ट्रीय योजना घोषित केली. भारताच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये ‘जीनोम इंडिया’ प्रकल्प हाती घेतला. वीस संस्थांनी मिळून ८३ जनसमूहांतील सुमारे दहा हजार व्यक्तींच्या जनुकसंचाचे वाचन केले आणि जानेवारी २०२५ मध्ये ती माहिती संशोधकांस खुली झाली. फरिदाबाद येथे ती जतन केली आहे. बाँबे रक्तगटाने शिकविलेला धडा देशाने अशा रीतीने मोठ्या प्रमाणावर गिरविला, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु माहितीचे भांडार म्हणजे आरोग्य नव्हे. सिकलसेल या रक्तरोगाकडे पाहावे. विदर्भातील आणि मध्य प्रदेशातील आदिवासी भागांत तो मोठ्या प्रमाणावर आहे. २०२३ च्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत त्यावर जनुकांत फेरफार करणारा उपचार मंजूर झाला. अमेरिकेत त्याची किंमत एका रोग्यामागे २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. त्याच वर्षी १ जुलैला शहडोल येथे भारताने या रोगाच्या उच्चाटनाची मोहीम सुरू केली. सात कोटी लोकांची रक्ततपासणी हे तिचे उद्दिष्ट. रोग वेळीच कळला, लसी आणि हायड्रॉक्सियुरियासारखी औषधे नियमित मिळाली, तर रोग्याच्या यातना पुष्कळ कमी होतात. राष्ट्रीय धोरणाने प्रथम कोणत्या गोष्टीवर पैसा खर्चावा, हे यावरून उघड व्हावे.

आणखी एक दक्षता आवश्यक आहे. दोष समाजात आढळला, म्हणून तो समाज दोषी ठरत नाही. सिकलसेलचा केवळ वाहक असलेल्या मुलीचे लग्न तपासणीच्या कार्डावरून मोडू लागले, तर लोक तपासणीलाच येईनासे होतील, आणि त्यांचे येणे रास्तही ठरणार नाही. म्हणून रक्त घेण्यापूर्वी समजावून संमती घेणे, निकाल गुप्त राखणे आणि रोग्याशी त्याच्या भाषेत बोलणे ही कामे प्रयोगशाळेतील यंत्रांइतकीच महत्त्वाची आहेत.

नेमक्या वैद्यकाची कसोटी अखेर आडगावच्या दवाखान्यातच लागेल. तेथे हिवतापाने फणफणलेला मजूर येईल, त्या दिवशी प्रायमाक्वीनच्या गोळीबरोबर ती साधी तपासणीही तेथे हजर असली पाहिजे.