सभेचा नगारा वाजला, कोणी आले नाही
(बुद्धपौर्णिमेच्या कार्यकर्ता शिबिरात झालेले भाषण)



आज बुद्धपौर्णिमा. या दिवशी बुद्धांनी घर कसे सोडले ते सगळे सांगतात. आम्ही त्यांच्या म्हातारपणातली गोष्ट सांगणार आहोत. ती आपल्या कामाची आहे.

अडीच हजार वर्षांपूर्वी गंगेच्या दक्षिणेला मगध होते. तिथे एक राजा, त्याचाच हुकूम. उत्तरेला वज्जींचे गणराज्य, मुख्य नगर वैशाली. तिथे कुळांचे प्रमुख सभाघरात बसून मिळून ठरवत. बुद्ध स्वतः शाक्यांच्या अशाच गणात जन्मले होते.

मगधच्या अजातशत्रूला वज्जींना चिरडायचे होते. त्याने आपला प्रधान वस्सकार बुद्धांकडे राजगृहाच्या गृध्रकूट डोंगरावर धाडला. बुद्धांनी प्रधानाला सरळ उत्तर दिले नाही. मागे आनंद वारा घालत उभा होता, त्यालाच एकेक विचारू लागले. वज्जी वारंवार सभा भरवतात का? एकजुटीने जमतात, एकजुटीने उठतात का? चालत आलेला कायदा पाळतात का? म्हाताऱ्यांचं ऐकतात का? बायापोरींना जबरदस्तीने ओढून नेत नाहीत ना? देवस्थानं राखतात का? साधूंना सांभाळतात का? आनंद दर वेळी हो म्हणाला. बुद्ध म्हणाले, असे चालेल तोवर वज्जींची वाढच होईल.

बघा, या सातांत हत्ती नाहीत, खजिना नाही. पहिली गोष्ट सभा, तीही वारंवार.

प्रधान हुशार. त्याने ओळखले, हे लढाईने हरायचे नाहीत, फुटीनेच हरतील. पुढची हकीकत पाली अट्ठकथेत आहे. राजाने हाकलले असे सोंग करून वस्सकार वैशालीत जाऊन राहिला. तो एखाद्याला बाजूला घेई आणि कानात विचारी, शेत नांगरता ना, दोन बैल जुंपून? दुसरा विचारी, काय म्हणाला रे? हा खरे ते सांगे. दुसऱ्याला ते पटेना. एवढीशी गोष्ट बाजूला घेऊन कोण बोलेल? असे करत तीन वर्षांत दोन माणसे एका वाटेने जाईनात. मग अजातशत्रू चालून आला. सभेचा नगारा वाजला, कोणी आले नाही. वैशालीची दारे उघडीच राहिली.

गेल्या पावसाळ्यात आपल्याकडे काय झाले? एकसाली प्लॉटांची यादी सगळ्यांनी मिळून द्यायची ठरली होती. एक जण पाड्यावर आला, तिघांना चहाला घेऊन बसला. दुसऱ्या दिवशी बैठकीला निम्मी घरे आली नाहीत. यादी अर्धीच गेली. आम्ही त्या तिघांना फितूर म्हणालो. आज वाटते, चूक आमची. त्याआधी दोन महिने आम्ही बैठकच घेतली नव्हती.

वज्जींची सभा जशीच्या तशी आपल्याला नको. तिथे प्रमुख बसत. बाया नव्हत्या, दास नव्हते. पण प्रधान गेल्यावर बुद्धांनी भिक्षूंना जमवले आणि त्यांनाही सात गोष्टी सांगितल्या. पहिली तीच, वारंवार जमा. संघात मोठा ठराव तीनदा मांडत, हरकत असेल त्याने बोलायचे. मते फुटली तर शलाका, म्हणजे काड्या, वाटून मोजत. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत याचीच आठवण दिली होती. सभा चालवायचे हे नियम बाहेरून आलेले नाहीत, इथलेच आहेत. आणि बुद्धांनी आपल्यामागे कोणाला गादीवर बसवले नाही.

म्हणून आज एवढे ठरवू या. दर अमावस्येला प्रत्येक पाड्यावर बैठक, काम असो नसो. बाया येतील आणि बोलतील. कोणी बाजूला घेऊन काही म्हणाला, तर ते बैठकीत सांगायचे. आणि सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायचा. वैशालीला नेमके हेच जमले नाही.

येत्या अमावस्येला भेटू. जिंदाबाद!