ताकदीच्या औषधांचा बाजार



आजचा विषय थोडा अडचणीचा आहे. रेडिओजवळ वडीलधारी माणसे असतील, लेकीसुना असतील, याची मला जाणीव आहे. मी बेताच्या शब्दांत बोलेन, पण बोलेन. कारण या विषयावर चारचौघांत कोणी तोंड उघडत नाही, आणि नेमक्या या मौनावरच एक भलामोठा धंदा उभा आहे. मी म्हणतो आहे ते ‘ताकदीच्या’, ‘जोशाच्या’, ‘मर्दानी शक्तीच्या’ औषधांबद्दल. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर, रेल्वे रुळाकडेच्या घरांवर, जत्रेतल्या तंबूवर आणि हल्ली हातातल्या मोबाइलवर ज्यांच्या जाहिराती असतात, त्या गोळ्या, पुड्या आणि तेले.

मी ग्रामीण रुग्णालयात बरीच वर्षे काढली. एका पावसाळी रात्री साठीच्या घरातले एक गृहस्थ जीपमध्ये घालून आणले. माळकरी, अबोल माणूस. आदल्या वर्षी हृदयाचा त्रास झाला होता, तेव्हापासून छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी ते खिशात बाळगत. त्या रात्री कळ आली, गोळी ठेवली, आणि दहापंधरा मिनिटांत घामाने निथळून ते खाली कोसळले. आणले तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती. मी विचारले, “बाबा, आज दुसरे काही औषध घेतले होते का?” त्यांनी मान हलवली, नाही म्हणून. सोबत धाकटा भाऊ होता, सून होती. त्यांच्यासमोर ते काय सांगणार?

पाय उंच ठेवले, सलाइन लावले, पहाटेपर्यंत रक्तदाब सावरला. सकाळी थोरला मुलगा घरून आला. त्याने बंडीच्या आतल्या खिशात सापडलेली एक चपटी पुडी माझ्या टेबलावर ठेवली आणि खिडकीबाहेर पाहू लागला. पुडीवर घोड्याचे चित्र होते. खाली लिहिले होते, ‘संपूर्ण वनस्पतिजन्य. कोणताही अपाय नाही.’

त्या पुडीची तपासणी झाली नाही, तेव्हा तिच्यात काय होते हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण अशा पुड्यांत काय सापडते, हे मात्र सांगता येते. अमेरिकेतल्या सरकारी औषध खात्याने २००७ ते २०१६ या दहा वर्षांत, ‘पूरक आहार’ म्हणून विकली जाणारी ७७६ उत्पादने भेसळीची म्हणून पकडली. त्यांत ३५३ उत्पादने, म्हणजे जवळजवळ निम्मी, कामशक्ती वाढवण्याच्या नावाने विकली जात होती. आणि या ३५३ पैकी १६६ मध्ये एकच रसायन निघाले: सिल्डेनाफिल. वेष्टनावर त्याचा उल्लेख नाही, वर झाडपाल्याचे चित्र.

हे सिल्डेनाफिल म्हणजे काय, तेही ऐका. इंग्लंडमध्ये सँडविच नावाच्या गावातल्या प्रयोगशाळेत हृदयशूळावर औषध शोधत असताना ते हाती लागले. छातीच्या दुखण्याला त्याचा फारसा उपयोग झाला नाही, पण प्रयोगात भाग घेतलेल्या पुरुषांनी एक वेगळाच परिणाम सांगितला. १९९८ साली अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. ते रक्तवाहिन्या सैल करते आणि त्या भागाकडे रक्त वाहू देते. एवढेच त्याचे काम. मनातली इच्छा ते निर्माण करीत नाही. डॉक्टरने रोगी तपासून, मात्रा ठरवून दिले तर ते चांगले औषध आहे, हे मी मोकळेपणी सांगतो. पण हृदयरोग्याची जिभेखालची गोळी ही नायट्रेट जातीची असते, आणि तीही रक्तवाहिन्या सैलच करते. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब एकदम खाली जातो, कधी कधी प्राणावर बेतते. डॉक्टरच्या चिठ्ठीवर हे औषध घेणाऱ्याला ही ताकीद मिळते. पुडीतून घेणाऱ्याला कोण देणार? पुडीवर तर ‘अपाय नाही’ असे छापलेले!

आता थोडे मागे जाऊ. हा धंदा आजचा नाही, आणि त्यातली एक कथा तर आपल्या या रेडिओशीच निगडित आहे.

अमेरिकेत कॅन्ससचा मुलूख म्हणजे गव्हाचा, शेतकऱ्यांचा. तिथे मिलफर्ड नावाच्या लहानशा गावात १९१७ च्या सुमारास जॉन ब्रिंकली नावाचा एक डॉक्टर आला. डॉक्टर म्हणायचे ते पदवीपुरते. ती पदवीही कशी मिळवली याची पुढे चर्चा झालीच. त्याच्याकडे एक शेतकरी आला आणि आपल्यातला जोर गेल्याची तक्रार करू लागला. बोलता बोलता गोष्ट बोकडावर आली. बोकडाचा जोम काय विचारता! शेतकऱ्याला ते ठाऊक असतेच. आणि ब्रिंकलीने बोकडाच्या वृषणाचे तुकडे माणसाच्या शरीरात बसवायला सुरुवात केली. एका शस्त्रक्रियेचे ७५० डॉलर! त्या काळी कित्येक घरांत एवढ्या पैशांत वर्ष निघे. इस्पितळामागे बोकड बांधलेले असत, आणि रोग्याला आपला बोकड निवडता येई असे सांगतात. बाजारात जसे आपण शेपूट धरून, दात पाहून निवडतो, तसे.

याचा उपयोग होण्याचे कारणच नव्हते. परक्या प्राण्याचा तुकडा नुसता आत ठेवून दिला, त्याला ना शीर जोडली ना रक्तवाहिनी, तर शरीर तो जिरवून तरी टाकते, नाहीतर जखम चिघळते. मग लोक बरे वाटले असे का सांगत? शेत गहाण टाकून, चारचौघांच्या नकळत जो माणूस एवढा खटाटोप करतो, त्याला बरे वाटावे असेच मनातून वाटत असते, आणि या बाबतीत मनाचा शरीरावर अंमल फार. शिवाय ज्याला गुण आला नाही, तो गावात जाऊन दवंडी थोडीच पिटणार?

१९२३ साली ब्रिंकलीने स्वतःचे रेडिओ केंद्र काढले. गाणी, भजने, बाजारभाव, आणि मधूनमधून डॉक्टरसाहेबांचे भाषण. पुढे तर त्याने ‘औषधी प्रश्नपेटी’ सुरू केली. दूरदूरच्या शेतकऱ्यांची, त्यांच्या बायकांची पत्रे येत. हा ती ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवी, आणि रोग्याचे तोंड न पाहता औषधाचा नंबर सांगे. तो नंबर ठरलेल्या दुकानदारांकडेच मिळे, आणि दर विक्रीतला वाटा ब्रिंकलीकडे जाई. आज मी जशा यंत्रासमोर बसून आपल्याशी बोलतो आहे, तशाच यंत्रासमोर बसून हा उद्योग चाले. तेव्हा रेडिओवर कोणी सांगितले म्हणून ते खरेच, असे समजू नका. माझ्यासकट.

१९३० साली त्याची चौकशी झाली. त्याने स्वतः सही केलेले ४२ मृत्यूचे दाखले पुढे आले. त्याचा वैद्यकीचा परवाना गेला, रेडिओचाही गेला. पण गडी थांबला नाही. त्याच वर्षी तो राज्याच्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीला उभा राहिला आणि मतपत्रिकेवर नाव छापलेले नसताना एक लाख ८३ हजारांच्या वर मते घेऊन गेला! मग त्याने अमेरिकेच्या सरहद्दीपलीकडे, मेक्सिकोत, आणखी मोठे केंद्र उभारले आणि नदीपलीकडून पुन्हा तेच सुरू केले. १९३९ साली मॉरिस फिशबाइन या वैद्यकीय संपादकाने त्याला भोंदू म्हटले म्हणून त्याने अब्रूनुकसानीचा दावा लावला, आणि तो हरला. भोंदू म्हणणे खरेच आहे असा ज्यूरीने कौल दिला. दोन वर्षांत दिवाळे, आणि १९४२ साली मृत्यू. एवढा सगळा जमाखर्च व्हायला वीसपंचवीस वर्षे लागली, आणि तेवढ्यात हजारो लोक कापून घेऊन गेले.

पुढे बोकड गेला आणि गोळी आली. ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरातून एन्झाइट नावाची गोळी विकली जाई. टेलिव्हिजनवर बॉब नावाचा एक सदा हसरा माणूस दिसे. तो का हसतो हे प्रेक्षकांनी ओळखायचे. गोळी विकसित करणारे म्हणून दोन मोठे डॉक्टर सांगितले जात, एक हार्वर्डचा, एक स्टॅनफर्डचा. कोर्टात निघाले काय, तर ते दोन्ही डॉक्टर अस्तित्वातच नव्हते. १०० पैकी ९६ गिऱ्हाइके समाधानी, हा आकडाही कोणीतरी बसून लिहिलेला. ‘नमुना फुकट’ म्हणून एकदा कार्डाचा नंबर घेतला, की दर महिन्याला न मागता गोळ्या येत आणि पैसे कापले जात. कोणी पैसे परत मागितले, तर त्याला सांगत की गुण आला नाही असे डॉक्टरचे प्रमाणपत्र नोटरीची सही घेऊन पाठवा! आता असला दाखला घ्यायला कोण जाणार हो? २००८ साली मालकावर गुन्हा शाबीत होऊन त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली, पुढे ती १० वर्षांवर आली.

म्हणजे पाहा, मालापेक्षाही या लोकांनी गिऱ्हाइकाची लाज नीट ओळखली होती. फसलेला माणूस बोंब मारणार नाही, ही त्यांची खात्री. जनावराच्या बाजारात वाईट गाय गळ्यात मारली तर आपण दलालाच्या दारात जाऊन बसतो. इथे मात्र आपणच पुडी लपवतो.

आपल्याकडे याविरुद्ध कायदा आहे, आणि तो जुना आहे. औषधे आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींबद्दलचा १९५४ चा कायदा. एखाद्या औषधाने संभोगशक्ती टिकते किंवा वाढते अशी जाहिरात करणे हाच त्यात गुन्हा धरला आहे. पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. आता हा कायदा ७० वर्षांचा झाला आणि भिंती अजून तशाच रंगलेल्या आहेत, हे आपण पाहतोच. तक्रार केल्याशिवाय हलत नाही असा हा कारभार. जिल्ह्याच्या ठिकाणी अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय असते. पुडी आणि बिल घेऊन जावे. आणखी एक. डब्यावर खाद्यपदार्थाच्या परवान्याचा १४ आकडी नंबर असला की दुकानदार म्हणतो, ‘सरकारमान्य आहे.’ तो नंबर धंद्याच्या परवान्याचा. औषधाला गुण आहे असा शिक्का तो नव्हे.

कोणी म्हणेल, डॉक्टर, तुम्ही आयुर्वेदावर उठलात. नाही. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक आहे, आणि जाणता वैद्य रोग्याला समोर बसवून, त्याची झोप, भूक, व्यसन विचारून मग बोलतो. त्याचे नाव पुढे करून न पाहिलेल्या माणसाला पोस्टाने डबा पाठवणारा, तो वैद्य कसला?

शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द वेगळे सांगायचे आहेत. या जाहिरातींचे सर्वांत कोवळे गिऱ्हाईक तुमच्या नववी-दहावीच्या वर्गात बसलेले असते. झोपेत वीर्यपात झाला की त्या पोराला वाटते, आपली धातू चालली, आपण खंगणार. भिंत त्याला तेच सांगते आणि खाली फोन नंबर देते. या भीतीने खरोखरच अशक्तपणा, उदासी येते. १९६० साली डॉ. विग यांनी या दुखण्याला वैद्यकीय नाव दिले, आणि त्याचे मूळ समजुतीत आहे हे दाखवले. शरीर वीर्य सतत तयार करीत असते. साठा संपायला ती काही कणगी नव्हे. आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून वाचकांच्या असल्या प्रश्नांना सरळ उत्तरे दिली, त्यापायी खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. तेव्हा वर्गात हे सांगायला संकोच वाटला, तर तो पोराला एकटा गाठून सांगा. दोन वाक्ये पुरतात.

राहिले ते मोठ्या वयाचे. ज्याला खरोखरच अडचण आहे, त्याची अडचण खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण ती बहुधा दुसऱ्याच कशाची तरी खूण असते. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, दारू, एखादे चालू औषध, कर्जाची काळजी. त्या भागाच्या रक्तवाहिन्या बारीक, म्हणून त्या आधी चोंदतात आणि हृदयाच्या मागाहून. कित्येकांना हृदयविकाराच्या दोनतीन वर्षे आधी हीच खूण दिसते. पुडी घेणारा ती खूण झाकतो.

त्या माळकरी बाबांचे तसेच झाले होते. बरे होऊन घरी निघाले त्या दिवशी त्यांनी मुलाला चहाच्या निमित्ताने बाहेर पाठवले आणि मला विचारले, “साहेब, चार वर्षं झाली. कोणाला इचारायचं?” रक्त तपासले तर साखर चांगलीच वाढलेली, आणि ती त्या चार वर्षांत कोणी तपासलीच नव्हती. औषध सुरू केले, तंबाखूची चंची त्यांनी माझ्या टेबलावरच ठेवली. पुढे दर महिन्याला आठवडी बाजाराच्या दिवशी ते दवाखान्यात येत. चवथ्या की पाचव्या खेपेला सोबत एक शेजारी होता, बराच वेळ दाराशी घुटमळणारा. बाबा त्याला म्हणाले, “बस इथं. आन् खिशातलं काढून दाखीव साहेबांना.”