संविधानावरील स्वाक्षऱ्या आणि आपले हजेरीपत्रक



दिनांक २४ जानेवारी १९५० रोजी दिल्लीत घटनासमितीच्या २८४ सभासदांनी भारताच्या संविधानावर स्वाक्षऱ्या केल्या. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची स्वाक्षरी त्यांतच आहे. बालपणी ज्यांना वर्गाच्या कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, त्यांचेच ते हस्ताक्षर होय.

स्वाक्षरी म्हणजे वचन. चौदा वर्षे वयापर्यंतच्या सर्व बालकांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मूळ ४५ व्या कलमात लिहिले होते. १९६० साल उलटले. वचन अपुरे राहिले. सहा ते चौदा वर्षांच्या बालकांचा तो मूलभूत हक्क अमलात येण्यास १ एप्रिल २०१० उजाडावे लागले. तोवर स्वाक्षरी करणारे बहुतेक जण काळाआड गेले होते.

कायदा झाला, तरी आईबापांबरोबर ऊसतोडीस गेलेल्या मुलाचे नाव पटावर असते आणि वर्गातील जागा रिकामी असते. आपणही हजेरीपत्रकावर स्वाक्षरी करतो. ती करण्यापूर्वी त्या रिकाम्या जागेकडे पाहावे, आणि कोपऱ्यात एकट्या बसलेल्या मुलाकडेही पाहावे. त्या २८४ जणांचे वचन पाळणे आता आपल्या हाती आहे.