कॅप्टन ग्रेग आणि नेटमधला गोलंदाज



आजचा चरित्रनायक इंग्रज असला, तरी त्याच्या खेळाची मशागत आपल्या पुण्यात झाली. जॉन ग्लेनी ग्रेग यांचा जन्म १८७१ साली महू येथे झाला. पेशाने लष्करी अधिकारी, पुढे मुंबईच्या गव्हर्नरांचे लष्करी सचिव; क्रिकेट मात्र हौसेचे. ‘जॉन ग्लेनी’चे आपल्या प्रेक्षकांनी ‘जंगली’ करून टाकले! १९०१ साली याच ‘जंगली’ने हॅम्पशायरतर्फे लँकेशायरविरुद्ध नाबाद २४९ धावा काढल्या.

ही फलंदाजी घडली कशी? १८९२ च्या सुमारास पूना क्लबमध्ये पालवणकर बाळू हा चर्मकार समाजातील तरुण नोकरीस लागला. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, नेट बांधावे, अशी कामे. पगार चार रुपये. त्याची डावखुरी फिरकी पाहून ग्रेगसाहेब सरावासाठी इतरांआधी मैदानावर येऊ लागले. आपल्याला बाद केल्यास दर खेपेस ते आठ आणे देत, असे सांगतात. हिशेब करून पाहा: महिन्यात आठ वेळा साहेब बाद, की पगार दुप्पट!

पण त्या मैदानावर बाळूच्या हाती बॅट एकदाही आली नाही. फलंदाजी साहेबांनी करायची आणि चेंडू नोकराने टाकायचा, ही तेथील रीत. आणि आपली रीत कोणती होती? बाळूला हिंदू संघात घ्यावे की नाही, यावर आपल्याच लोकांत वाद माजला. कारण तो अस्पृश्य मानला जाई. अशा गोलंदाजाला वगळणे हा मूर्खपणा ठरेल, असे ग्रेगसाहेबांनी बोलून दाखविल्याचे सांगतात. परक्याला दिसलेला गुण आपल्याला दिसत नव्हता असे नाही. तो मान्य करण्याचे धैर्य नव्हते. बाळू संघात आले, आणि १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभराहून अधिक बळी घेतले.

ग्रेगसाहेबांनी सैन्य सोडल्यावर हॅम्पशायरचे चिटणीसपद सांभाळले, उतारवयात ते कॅथलिक धर्मगुरू झाले आणि १९५८ साली निवर्तले. गुण ओळखण्याचा मोठेपणा त्यांच्यापाशी खचित होता. परंतु गुण ओळखणे वेगळे आणि बरोबरीने बॅट हाती देणे वेगळे. साहेबांच्या धावा नोंदवताना, पहाटे त्यांना चेंडू टाकणाऱ्या हाताचे ऋणही आपण जमेस धरले पाहिजे.